डीएस-२०१९ वरचा चौथा रकाना

गेल्या आठवड्यात आमच्या जुन्या लॅबमधल्या एका ज्युनियरने व्हॉट्सअ‍ॅपवर पीडीएफ पाठवली, "ताई, आला एकदाचा!!" आणि पुढे हार्टची रांग. तिचा डीएस-२०१९ होता, म्हणजे जे-१ या एक्सचेंज व्हिसासाठी तिकडची युनिव्हर्सिटी देते तो फॉर्म, अमेरिकेतल्या एका लॅबमध्ये तीन महिने जायचंय तिला. मी अभिनंदन टाइप करायच्या आधी झूम करून चौथा रकाना बघितला, तिथे कॅटेगरी लिहिलेली असते. रिसर्च स्कॉलर. लगेच फोन लावला, म्हटलं आजच्या आज त्यांच्या इंटरनॅशनल ऑफिसला मेल टाक, सेव्हिसची (परदेशी विद्यार्थी-संशोधकांची अमेरिकेची सरकारी नोंदणी) फी भरायच्या आधी. ती गोंधळूनच गेली, "अगं पण ताई मी रिसर्चच करायला चाललीये ना?"

तिला फोनवर अर्धा पाऊण तास जे सांगितलं ते इथे लिहून ठेवते, कारण एफ-१ (विद्यार्थी व्हिसा) आणि त्याचा फॉर्म आय-२० याबद्दल सांगणारे पुण्यात पैशाला पासरी मिळतात, पण जे-१ वर पोस्टडॉकला (पीएचडीनंतरचं रिसर्चचं काम) किंवा कोलॅबरेशनसाठी जाणाऱ्या माणसाला नीट माहिती देणारं कोणी भेटत नाही, आणि मला हे सगळं ठेच लागून कळलंय.

माझी गोष्ट २०१८ ची. पीएचडी झाली, मिडवेस्टमधल्या एका युनिव्हर्सिटीतल्या प्रोफेसरांनी बोलावलं, म्हणाले आधी सहा महिने ये, काम जमलं तर पुढे दोन वर्षं वाढवू. मेलमध्येच लिहिलेलं होतं तसं. तिथल्या ऑफिसने "सहा महिने" एवढंच वाचलं आणि शॉर्ट-टर्म स्कॉलर म्हणून डीएस बनवला. तेव्हा कागद कुरिअरने यायचा, खाली त्यांच्या ऑफिसरची निळ्या शाईतली सही, मी तो कागद देवापुढे ठेवला होता. पण चौथा रकाना वाचून त्याचा अर्थ काय हे मी कोणालाच विचारलं नाही, आणि ऑफिसनेही स्वतःहून सांगितलं नाही. पाचव्या महिन्यात एक्स्टेन्शन मागायला गेले तेव्हा समोरच्या बाईंनी कॉम्प्युटरकडे बघत सांगितलं की शॉर्ट-टर्म स्कॉलरला जास्तीत जास्त सहा महिने, एक दिवसही वाढत नाही, आणि तिथल्या तिथे कॅटेगरी बदलून मिळणं जवळपास अशक्य. रिअ‍ॅक्शन सेटअप तसाच लावलेला, पेपर अर्धवट, प्रोफेसरांकडे फंडिंग आहे, मला राहायचंय, त्यांना मी हवीये, आणि तरीही फेब्रुवारीतल्या बर्फात बॅगा भरून परत. नवीन डीएस, नवीन सेव्हिस नंबर म्हणून सेव्हिस फी परत (ती नेमकी जून २०१९ मध्ये १८० ची २२० डॉलर झाली होती), व्हिसा फी परत, मुंबईला बीकेसीतल्या अमेरिकन कॉन्सुलेटला इंटरव्ह्यू परत. आठ महिने गेले त्यात. प्रोजेक्टमधला मी सुरू केलेला भाग तोवर दुसऱ्या कोणाकडे गेला होता. ते अजून लागतं मनाला.

मग शॉर्ट-टर्म वाईट का? अजिबात नाही. ज्युनियरला मी नेमकं उलटं सांगितलं. रिसर्च स्कॉलर कॅटेगरीला जास्तीत जास्त पाच वर्षं मिळतात, पण ती पाच वर्षं बँकेतल्या शिलकीसारखी उरत नाहीत. तुम्ही तीन महिने राहून प्रोग्रॅम संपवून आलात की उरलेली पावणेपाच वर्षं गेली, आणि पुढचे २४ महिने रिसर्च स्कॉलर किंवा प्रोफेसर म्हणून जे-१ वर परत जाता येत नाही. तिचं पीएचडीचं डिफेन्स पुढच्या वर्षी आहे, त्यानंतर खरा पोस्टडॉक शोधणार, आणि नेमकी तेव्हाच ही २४ महिन्यांची भिंत समोर उभी राहणार! तिथे शॉर्ट-टर्म स्कॉलर म्हणून गेली तर ही भिंत नाही, परत येऊन रिसर्च स्कॉलर म्हणून नव्याने पाच वर्षं मिळू शकतात. म्हणजे तीन-चार महिन्यांचं काम असेल आणि पुढे पोस्टडॉक करायचा असेल तर शॉर्ट-टर्म मागून घ्या, आणि वाढण्याची जराही शक्यता असेल तर पहिल्या दिवसापासून रिसर्च स्कॉलर मागा. मागा म्हणजे खरंच मेल लिहून मागा. ऑफिसमधली माणसं वाईट नसतात पण त्यांना तुमचा पुढचा बेत कसा कळणार. आणि रिसर्च स्कॉलर असताना दुसऱ्या युनिव्हर्सिटीत जायचं असेल तर जुना प्रोग्रॅम संपायच्या आत रेकॉर्ड ट्रान्सफर करून घ्या, मग त्याच पाच वर्षांत पुढे चालू राहतं.

नवरा-बायको दोघंही रिसर्चमध्ये असतील तर अजून एक गोष्ट आहे आणि ही कोणालाच माहीत नसते. आमच्या बॅचची एक मैत्रीण नवऱ्याबरोबर जे-२ वर (जे-१ वाल्याच्या जोडीदाराचा व्हिसा) गेली, वर्षभराने तिला त्याच शहरात पोस्टडॉकची ऑफर आली, सगळे खूश, आणि मग कळलं की आधीच्या बारा महिन्यांत जे स्टेटसवर (जे-२ सुद्धा धरतात) सहा महिन्यांपेक्षा जास्त राहिलेल्या माणसाला रिसर्च स्कॉलरचा जे-१ सुरू करता येत नाही. २४ महिन्यांचा नियमसुद्धा जे-२ ला लागू होतो बरं का. तिने मग जे-२ वरच ईएडी, म्हणजे कामाचा परवाना, काढलं, आय-७६५ फॉर्म भरून, आणि त्याच्यावर पोस्टडॉक केला. चालतं ते, पण ईएडी येईपर्यंत बसून राहावं लागतं आणि नवऱ्याचा प्रोग्रॅम संपला की त्याच दिवशी हिचंही काम संपतं. आधी कळलं असतं तर दोघंही आपापल्या जे-१ वर गेले असते, असं ती अजून म्हणते.

आता दोन वर्षांचा नियम, अमेरिकेच्या इमिग्रेशन कायद्यातलं कलम २१२(ई). याचं नाव बहुतेकांनी ऐकलेलं असतं पण अर्धवट. जे-१ ज्या कायद्यातून आला तो १९६१ चा फुलब्राइट-हेज कायदा, त्यामागचा विचारच असा की माणसाने जावं, शिकावं आणि ते घेऊन आपल्या देशात परतावं. म्हणून काही लोकांवर बंधन असतं, मायदेशात एकूण दोन वर्षं राहिल्याशिवाय एच किंवा एल (नोकरीचे) व्हिसा नाही, ग्रीन कार्ड नाही. दोन वर्षं दुबईत काढून चालत नाही, भारतातच काढावी लागतात, सलग नसली तरी चालतात. माझ्या व्हिसावर छापलेलंच होतं, टू इयर रूल डझ अप्लाय. बंधनाची कारणं तीनच: कुठल्याही बाजूच्या सरकारचा पैसा (फुलब्राइट-नेहरू फेलोशिप घेऊन जाणारे यातच येतात), डॉक्टरांचं रेसिडेन्सी-फेलोशिपचं ट्रेनिंग, आणि तिसरं म्हणजे स्किल्स लिस्ट, तुमच्या देशाला ज्या विषयातली माणसं हवीत त्यांची यादी. तर ९ डिसेंबर २०२४ पासून नवीन यादी लागू झाली आणि त्यात भारत नाहीच. आधी गेलेल्यांनाही ती लागू आहे, म्हणजे फक्त स्किल्स लिस्टमुळे अडकलेले सुटले. व्हिसावर जुना शिक्का बघून अजून घाबरून असलेले लोक मला भेटलेत, त्यांनी आपलं कारण नेमकं कोणतं ते आधी तपासावं. आमच्या लॅबमेटने त्याआधी वेव्हरसाठी (बंधनातून सूट) नोरी, म्हणजे भारत सरकारचं ना-हरकत, काढायला पासपोर्ट ऑफिस, मंत्रालय, दिल्ली अशा ज्या खेपा घातल्या त्या मी जवळून बघितल्यात. सरकारी पैसा आणि डॉक्टर यांचं बंधन मात्र तसंच आहे, डॉक्टरांना तर ना-हरकतीवर सूट मिळतच नाही.

इन्शुरन्सबद्दल एक सांगायचंय. जे-१ ला तो सक्तीचा, दर आजार किंवा अपघातामागे किमान १,००,००० डॉलरचं कव्हर, डिडक्टिबल (आधी आपल्या खिशातून भरायची रक्कम) ५०० च्या वर नाही. मी पॉलिसीची प्रिंट डायनिंग टेबलवर ठेवली होती, आई चष्मा लावून ओळीवर बोट ठेवून वाचत होती, आणि एका ओळीवर तिचं बोट थांबलं. रिपॅट्रिएशन ऑफ रिमेन्स, म्हणजे मृतदेह मायदेशी पाठवणं, २५,००० डॉलर. "हे काय गं?" मी सांगितलं. तिने कागद उलटा करून ठेवला आणि चहा टाकायला गेली, त्या दिवशी विषयच काढला नाही परत. पॉलिसी घ्या, नीट वाचा, पण घरच्यांसमोर ती ओळ कशी सांगायची याचा आधी विचार करा.

इंटरव्ह्यू दोन-तीन मिनिटांचा असतो. केमिस्ट्री वगैरे विषय असेल तर २२१(जी) ची, म्हणजे व्हिसा लगेच न देता आणखी कागद मागणारी, चिठ्ठी हातात पडू शकते, मला दुसऱ्या वेळी पडली, सीव्ही, पब्लिकेशनची यादी आणि रिसर्च काय करणार याचं साध्या भाषेतलं एक पान मागितलं. ते पान आधीच लिहून ठेवा, गाइडला दाखवा. आणि तारखेच्या भरवशावर तिकीट काढू नका. २०२५ मध्ये २७ मे ला एफ, एम आणि जे च्या नवीन अपॉइंटमेंट देणंच थांबवलं, १८ जूनला परत सुरू केलं तेव्हा सोशल मीडिया अकाउंट पब्लिक ठेवायची अट आली, ऑगस्टला जॉइन होणाऱ्या मुलांची त्या तीन आठवड्यांत काय अवस्था झाली होती ते मी रोज फोनवर ऐकत होते. व्हिसा फी सध्या १८५ डॉलर आहे, सेव्हिसची २२० वेगळी.

टॅक्सचं थोडक्यात: भारत-अमेरिका करारात शिकवणाऱ्या आणि रिसर्च करणाऱ्यांना दोन वर्षं सूट आहे, कलम २२. पण मुक्काम दोन वर्षांच्या वर गेला तर पहिल्या दिवसापासूनची सूट जाते, मागचा सगळा टॅक्स एकदम भरावा लागतो. तिसऱ्या वर्षी राहायचं नक्की असेल तर सूट घेण्याआधी पेरोलवाल्यांशी बोला.

ज्युनियरच्या मेलला काल उत्तर आलं, तिच्या प्रोफेसरांकडून तीन महिन्यांचं लेखी मागितलंय आणि मग शॉर्ट-टर्म स्कॉलरचा नवीन डीएस देतील म्हणाले. तुमचा आला असेल तर चौथा रकाना बघा, काही खटकलं तर खाली कमेंटमध्ये विचारा, नाव आणि जन्मतारीख झाकून फोटो टाकलात तरी चालेल, रात्री नऊनंतर मी बसते उत्तरं द्यायला.