मरलायन आणि आई

आज आईला सिंगापूरचा मरलायन दाखवायला नेलं. तोंड सिंहाचं, धड माशाचं, आणि तोंडातून अखंड पडणारी पाण्याची जाड धार. साडेआठ मीटरहून उंच, ७० टनांचा हा पुतळा लिम नांग सेंग यांनी घडवला. १९७२ साली तो सिंगापूर नदीच्या मुखाशी उभा राहिला. १९९७ मध्ये एस्प्लनेड पूल झाला आणि खाडीच्या बाजूने तो दिसेना, म्हणून २००२ मध्ये अख्खा उचलून पुढे आणला. लाडक्या गोष्टीसाठी एवढा खटाटोप करणारं शहर मला फार जवळचं वाटतं.

जवळच १८६९चा कॅव्हनॉ पूल आहे, आता फक्त पायी जाणाऱ्यांसाठी. गुरं-घोडे नेण्यास मनाई करणारी जुनी पाटी तिथे अजून आहे. आईने ती दोनदा वाचून घेतली!

पण ती खरी थबकली पाण्यापाशी. समोरची ही मरीना बे पूर्वी खारी होती. २००८ मध्ये मुखावर बंधारा घातला, आणि आता हा गोड्या पाण्याचा साठा आहे, थेट शहराच्या मधोमध. दर उन्हाळ्यात टँकरची वाट बघितलेली माझी आई कठड्याला धरून बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "उद्या बाकी काही नको, तो बंधारा दाखव."