पाऱ्याच्या कर्वची दोन टोकं

जुन्या नाशकातल्या एका वाड्याच्या भिंतीत ओल किती वेगाने आणि किती उंच चढते, याचं मॉडेल मला करायचं होतं. वाडा गोदावरीपासून फार लांब नाही. भिंत विटांची, जोतं काळ्या दगडाचं, वर चुन्याचा गिलावा. पावसाळ्यानंतर खालचे पोपडे सुटतात आणि खार फुटतो. चुना पाणी किती ओढेल हे त्यातल्या छिद्रांवर ठरतं, म्हणून गिलाव्याचे तुकडे पाऱ्याच्या पोरोसिमेट्रीसाठी, म्हणजे पारा आत ढकलून छिद्रं मोजण्यासाठी, बाहेरगावच्या एका प्रयोगशाळेत पाठवले. पारा भरलेला तुकडा परत वापरता येत नाही, तो थेट घातक कचऱ्यात जातो. त्यामुळे आलेल्या फाइलमधूनच काय ते काढायचं होतं.

तत्त्व साधं आहे. पारा बहुतेक पदार्थांना ओलं करत नाही. त्याला छिद्रात ढकलावं लागतं, आणि छिद्र जितकं बारीक तितका दाब जास्त. वॉशबर्नने 1921 साली मांडलेलं हे समीकरण. पृष्ठताण 0.485 न्यूटन प्रति मीटर आणि स्पर्शकोन (पाऱ्याची कड पृष्ठभागाशी करते तो कोन) 140 अंश धरला, तर 1 मायक्रोमीटर व्यासाच्या छिद्राला साधारण 1.5 मेगापास्कल लागतात. यंत्राच्या वरच्या टोकाला, 414 मेगापास्कलला, 3.6 नॅनोमीटरपर्यंत पोचता येतं. कोन 130 धरला तर प्रत्येक व्यास सुमारे 16 टक्के लहान होतो. फाइलमध्ये कोन लिहिलेलाच नव्हता, तो विचारून घेतला. मॉडेल करणाऱ्याने व्यासाच्या रकान्यावर विसंबू नये, दाबाचा रकाना मागावा, असं माझं ठाम मत झालंय.

कर्व, म्हणजे दाब वाढवत नेताना किती पारा आत गेला त्याची रेषा, सुरू होत होता जवळजवळ 400 मायक्रोमीटरवर. तिथला चढ पाहून आमचे सर म्हणाले, "हा गिलावा आहे की जाळी?" पारा आधी भरतो तो छिन्नीने काढताना पडलेल्या भेगांत, तुटलेल्या कडांत, खडबडीत पृष्ठभागाच्या खाचांत. ते काही भिंतीतलं छिद्र नव्हे. पण मी तिथे कात्री लावायला निघालो तसे ते म्हणाले, "ग्राफ देखणा दिसतोय म्हणून कापू नकोस. कारण सांग, मग काप."

कारण मिळालं ते त्याच गिलाव्याच्या दोन नमुन्यांतून. एक अख्खा तुकडा होता, दुसरा बारीक खड्यांचा. खड्यांचा एकूण पृष्ठभाग जास्त, शिवाय खड्याखड्यांमधली पोकळी, म्हणून त्यांचा सुरुवातीचा चढ कितीतरी मोठा. साधारण 20 मायक्रोमीटरपेक्षा बारीक छिद्रांत मात्र दोन्ही कर्व समांतर धावत होते. तिथून बारीक ते पदार्थाचं, त्याहून मोठं ते नमुना कसा फोडला याचं. तरी एक शंका राहिली: चुन्यात खऱ्या मोठ्या पोकळ्या असतातच, त्याही गेल्या तर? म्हणून तिसरा तुकडा कॉलेजातच निर्वात करून पाण्याने भरला आणि पाण्यात व हवेत वजन केलं. त्यावरून आलेली सच्छिद्रता छाटलेल्या कर्वपेक्षा किंचितच जास्त निघाली. तेवढा फरक चालण्यासारखा होता.

इथे एक गोष्ट बरेचजण सोडतात. कमी दाबाला भेगा-खाचांत गेलेल्या पाऱ्याचं आकारमान वजा केलं की तेवढंच नमुन्याच्या ढोबळ आकारमानातूनही वजा करायचं असतं, कारण ती पोकळी नमुन्याची नव्हतीच. नाहीतर कर्व बरोबर आणि घनता चूक.

वरचं, जास्त दाबाचं टोक जास्त अवघड, आणि बहुतेकांचं लक्ष तिकडे जातच नाही. एवढ्या दाबाला पारा स्वतःच सुमारे दीड टक्का आकसतो, नमुना ठेवलेली काचेची नळीही बदलते, नमुना दबतो. रिकाम्या नळीची चाचणी वजा केली की पहिल्या दोघांचा हिशेब बराचसा मिटतो, नमुन्याचा नाही. खरी खूण दाब उतरवतानाच्या कर्वमध्ये असते. छिद्रात शिरलेला पारा त्याच वाटेने सहसा परत येत नाही; अरुंद तोंडामागे मोठी पोकळी असली तर तिथेच अडकतो. म्हणून वर जाताना आणि उतरताना जिथे दोन्ही रेषा एकमेकींवर पडतात, तिथे छिद्रं भरत नाहीयेत, स्प्रिंगसारखं काहीतरी दबून परत फुगतंय. आमच्या चुन्यात 30 नॅनोमीटरच्या खाली तेच चाललं होतं. ते सगळं काढलं. सिमेंटच्या लेपाला मात्र हा आकडा लावू नका, त्याची खरी छिद्रंच तिथे असतात.

मधे, 0.2 मेगापास्कलजवळ, एक लहानशी पायरी होती: कमी दाबाच्या कप्प्यातून नळी जास्त दाबाच्या कप्प्यात हलवतात तो सांधा. व्यास तिथे साडेसात मायक्रोमीटरच्या आसपास. डीव्ही बाय डी लॉग डी, म्हणजे कोणत्या व्यासाला किती आकारमान येतं तो कर्वचा उतार, काढल्यावर तीच पायरी एक खोटं टोक होऊन बसते. छाटणी आणि डागडुजी मी त्यामुळे मूळ संचयी (बेरीज होत जाणाऱ्या) आकारमानावरच केली, कुठे किंचित उलटी गेलेली रेषा सपाट केली, आणि अवकलन, म्हणजे तो उतार काढणं, सर्वांत शेवटी.

मग मॉडेल दोनदा चालवलं, छाटलेल्या आणि न छाटलेल्या आकड्यांवर. बारीक टोक कापल्याने पाणी ओढण्याचा वेग जवळपास हलला नाही. मोठ्या टोकाने तो चांगलाच बदलला, आणि छाटलेलं उत्तर पाणी शोषण्याच्या चाचणीच्या जवळ आलं. तरी थोडं कमीच, कारण पारा मोजतो ती छिद्रांची तोंडं, आतली पोकळी नव्हे. मॉडेलमधल्या छिद्रांच्या जाळ्यात आता व्यास तोंडांनाच दिलेत, पोकळ्यांचे आकार वेगळे ठरवायचेत. त्यासाठी गिलाव्याचा पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली बघायला घेतलाय.