डबा हलला तो दिवस

मुलाचं नाव, गाव लिहीत नाही. बाल न्याय अधिनियम, 2015 चं कलम 74 त्याला मनाई करतं, आणि ते योग्यच आहे. वय नऊ. बाल कल्याण समितीच्या आदेशाने बालगृहात आला तेव्हा अंगावर माराचे जुने वण होते, आणि घरी दोन-दोन दिवस चूल पेटत नसे.

पहिल्याच आठवड्यात त्याच्या गादीखाली मुंग्या लागलेल्या भाकरी सापडल्या. त्या फेकल्या गेल्या, त्याला बोलणी बसली, आणि तो जास्त लपवू लागला. उपास काढलेल्या मुलाला 'इथे रोज जेवण मिळतं' हे सांगून पटत नाही, हाताला लागावं लागतं. म्हणून झाकणाचा छोटा स्टीलचा डबा ठरवला: राजगिऱ्याचे दोन लाडू, मूठभर फुटाणे. रोज रात्री बालगृहात मुलांची काळजी घेणाऱ्या मावशी त्याच्यासमोर डबा उघडायच्या, कमी झालेलं भरायच्या आणि उशाशी ठेवायच्या. डबा भरणाऱ्या मावशी त्याच, वेळ तीच. सातव्या आठवड्यात डबा सकाळी तसाच भरलेला मिळू लागला.

त्या सोमवारी मावशी भाचीच्या लग्नाला गेल्या होत्या. मुलाला कोणी सांगितलं नव्हतं. बदली बाईंनी खोली झाडताना डबा उचलून स्वयंपाकघरात नेला. त्यांना तरी कोण सांगणार होतं?

संध्याकाळी ताटल्या फेकल्याचा आवाज आला. मी पोहोचले तेव्हा तो जिन्याखाली कोपऱ्यात होता, हातात फुटक्या प्लास्टिकच्या बादलीचा तुकडा, आणि दोघे पुरुष कर्मचारी त्याला बाहेर ओढायच्या तयारीत. आधी त्यांना थांबवलं. मार खाल्लेल्या मुलाला ओढणारा हात मारणाराच वाटतो. बाकी मुलांना मागच्या अंगणात पाठवलं. मी चार-पाच हात लांब, जमिनीवर, त्याच्याकडे थोडी कूस करून बसले. जायची वाट मोकळी ठेवली. "मी इथे बसलेय. कोणी ओढणार नाही," एवढंच, हळू आवाजात, मध्ये बराच वेळ जाऊ देऊन. 'का केलंस?' हा प्रश्न अशा वेळी विचारूच नये. अंग भीतीने ताठलेलं असताना कारण शोधून सांगणं मोठ्यांनाही जमत नाही. डोळे मिटून खोल श्वास घ्यायलाही सांगत नाही, कारण काही मुलांना डोळे मिटले की तेच सगळं दिसतं. पाण्याचा गार तांब्या मध्ये सरकवला. बऱ्याच वेळाने त्याने तांब्या दोन्ही हातांनी धरला. मग भिंतीला दोन्ही तळवे लावून जोरात ढकलायला सांगितलं, मीही ढकलली. चाळीस मिनिटं गेली. तुकडा त्यानेच खाली ठेवला.

पहिलं वाक्य आलं, "मावशी पण गेली."

डब्याचं नंतर. खरं दुखणं हे होतं, आणि चूक आम्हा मोठ्यांची होती. मावशींना फोन लावला. त्यांनी सबबी दिल्या नाहीत. "सांगून जायला हवं होतं बाळा, चुकलं माझं. शुक्रवारी दुपारी येते." भिंतीवरच्या कालनिर्णयावर शुक्रवारचा चौकोन त्याने रंगवला, रोज एकावर काट. डबा मी त्याच्यासमोर भरला. बदली बाईही शेजारी बसल्या. ताटल्या दुसऱ्या दिवशी त्याने आणि मी मिळून आवरल्या, पोचे आलेल्या वेगळ्या काढल्या. रात्रीच माफी मागायला लावली असती तर नुसते शब्द मिळाले असते.

शुक्रवारी एसटी उशिरा सुटणार होती, तसा मावशींनी आधीच फोन केला. त्या आल्या तेव्हा तो धावत गेला नाही. चप्पल लाथेने उडवली, पाठ फिरवली. नवे कर्मचारी याला कृतघ्नपणा समजतात; मूल बघत असतं, राग दाखवला तरी हे माणूस टिकतं का. मावशी काही बोलल्या नाहीत. नेहमीच्या वेळी डबा घेऊन त्याच्या खाटेशी बसल्या.

त्यानंतर त्याच्या वैयक्तिक काळजी आराखड्यात एक पान जोडलं, आणि त्याची प्रत बदलीवर येणाऱ्यांसाठी कपाटाच्या दाराला आतून लावली: डब्याला हात लावायचा नाही; मागून स्पर्श नाही, आधी नावाने हाक; मावशींची रजा तीन दिवस आधी त्याला सांगायची; परतायचा दिवस तोच रंगवणार. त्याची कहाणी मात्र त्या पानावर नाही. ती प्रत्येक बदली बाईला कळायची गरज नाही.