आमची वाटचाल : चौकोनी अक्षराचं दुकान

कोल्हापुरात बोर्ड रंगवायला सुरुवात केली तेव्हा आमच्याकडे दोन फ्लॅट ब्रश, एनॅमलचे चार डबे आणि सरळ रेघ आखायला खडूची दोरी होती. थोरला भाऊ भागीदार. त्याचं अक्षर ठसठशीत, चौकोनी, कोपरे कोयत्यानं छाटल्यासारखे. तालमीचा बोर्ड, कुस्ती मैदानाची भिंत, ट्रकचा फाळका, लांबून वाचायचं तिथं आमचंच अक्षर असायचं.

मग समोर फ्लेक्सवाला आला. आमचं दोन दिवसांचं काम तो तासाभरात द्यायचा. ते समजू शकतो, धंदा आहे. पण त्यानं भावाच्या अक्षरांचे फोटो काढून, कम्प्युटरवर आडवे ताणून, आपलेच म्हणून विकले. आडवं ताणलं की उभ्या रेघा सुजतात, आडव्या तशाच राहतात, तोल जातो. ती मोडकी अक्षरं पेठापेठांत बघून भावानं ब्रशच ठेवला. तो राग माझ्या मनातून आजही गेलेला नाही.

भाडं थकलं. शटर ओढायचं ठरलंच होतं, तेवढ्यात तालमीचे वस्ताद आले. म्हणाले, “बोर्ड तुम्हीच रंगवायचा. पैसे आधी धरा.” त्या पैशांतून भाडं चुकवलं. पुढं स्टिकर कापायचं जुनं मशीन, प्लॉटर, घेतलं आणि रेडियमच्या, म्हणजे गाड्यांवरच्या चमकत्या स्टिकरच्या, कामात शिरलो.

आता बहुतेक कामं टेकोमध्ये करतो. अहमदाबादच्या इंडियन टाइप फाउंड्रीचा २०१४ चा फॉन्ट, बारीक लाइटपासून जाड बोल्डपर्यंत पाच वेट, म्हणजे रेघेच्या पाच जाड्या, वापरायला मोफत. गोलाईसुद्धा चौकोनी केलेली. पहिल्यांदा स्क्रीनवर पाहिला आणि भावाला दुकानात बोलावून घेतलं. तो बराच वेळ नुसता ‘ठ’ बघत बसला.

नव्या पोरांनो, एक ऐका. असलं अक्षर मोठ्या मथळ्यालाच लावा; पत्ता, फोन नंबर साध्या अक्षरात. शंभर फुटांवरून वाचायचं तर दहा इंचांखाली जाऊ नका. ‘घ’ आणि ‘ध’, ‘म’ आणि ‘भ’ यांतला फरक शिरोरेषेतल्या फटीवर उभा असतो. बोल्डमध्ये ती बुजली की भवानीची मवानी होते. आणि रेडियम कापताना टोकं किंचित गोल करा, नाहीतर गाडी चारदा धुतली की अणकुचीदार कोपराच आधी उचकटतो.

तालमीचा बोर्ड मात्र अजून एनॅमलमध्येच होतो. दसऱ्याआधी भाऊ येतो, दोरी मारायचं काम माझ्याकडे असतं.