रोजच्या बसायचा घोडा

दत्तजयंतीला नंदुरबार जिल्ह्यातल्या सारंगखेड्याचा घोडेबाजार भरला की मला फोन सुरू होतात. "रोज बसायला, कामाला, कोणत्या जातीचा घोडा घ्यावा?" विचारणाऱ्याच्या मनात बहुधा मारवाडी ठरलेला असतो. आत वळून टोकाला टेकलेले कान, उंच मान, रेवाल म्हणजे स्वाराला धक्का न देणारी झपाझप चाल. माझ्याकडेही एक होता. त्याच्याइतकं देखणं जनावर मी पुन्हा पाळलं नाही.

पण तुम्ही रोजच्या कामाचं विचारलंत म्हणून सांगतो, मी भीमथडी घेईन. भीमा-नीरेच्या खोऱ्यातलं हे बुटकं, चिवट तट्टू अलीकडे देशपातळीवर स्वतंत्र जात म्हणून नोंदलं गेलं. मराठ्यांचा शिलेदार स्वतःचा घोडा घेऊन चाकरीला यायचा. मिळेल त्या चाऱ्यावर तग धरणारं जनावर नसेल, तर त्याचं पोट कसं चालणार?

लोक आधी अंगावरचे केसांचे भोवरे बघतात, देवमण म्हणजे शुभ मानला जाणारा भोवरा आहे का विचारतात. मी खूर उचलतो. उभ्या घोड्याचा साधारण ६० टक्के भार पुढच्या दोन पायांवर असतो, वर आपण बसणार. खूर टणक हवा, टाचेकडे रुंद, कड चिरलेली नको. गुडघ्याखालची नळी आखूड हवी. मग घोडा चालवायला सांगतो. पळवायला नाही, चालवायला. मातीत पुढच्या टापेचा ठसा उमटतो, मागचा पाय त्यावर किंवा त्याच्याही पुढे पडला की समजायचं, हा वाट कापणारा आहे. बाजाराच्या गर्दीत एवढी मोकळी जागा मिळत नाही, तेव्हा पहाटे जावं.

चढ चढवून आणल्यावर जबड्याखालच्या शिरेवर बोट ठेवा. शांत उभ्या घोड्याची नाडी मिनिटाला २८ ते ४४ असते. दमल्यावर ती वाढणारच, पण किती लवकर उतरते ते मोजा. छाती तिथे कळते.

एक अडचण मात्र लपवणार नाही. खोगिरासकट ओझं घोड्याच्या वजनाच्या पाचव्या हिश्श्याच्या आत ठेवावं. ३०० किलोच्या तट्टावर ६० किलो झाले. माझा एक मित्र त्याहून जड आहे. त्याला मी भीमथडी घेऊ दिलं नाही, थोराड मारवाडी बघ म्हणालो.

आणि स्वभाव? तो बाजारात दिसत नाही. मला तो वरंध घाटात दिसला. दिवाळीनंतर धनगरांचा एक वाडा, म्हणजे मेंढरांसह फिरणारा तांडा, कोकणात उतरत होता. म्हाताऱ्या घोडीवर बिऱ्हाड लादलेलं, वर दोन करडं आणि पाय बांधलेली कोंबडी. लगाम कुणाच्याच हातात नव्हता. उतारावर तंग, म्हणजे पोटाखालून आवळलेला पट्टा, सैल झाला, ओझं एका अंगाला कललं. घोडी उधळली नाही. चारी पाय रोवून, मान खाली घालून जागीच उभी राहिली. मागून येणारी मावशी, "आले गं बाई," म्हणाली, ओझं सावरलं, तंग आवळला, पाठीवर थाप मारली.

माझी आताची घोडी त्याच वाड्यातली. त्या म्हातारीची नात.