पेशंट काय सांगून येतात?

दवाखान्यातल्या ड्यूट्या मी गणितानं लावून देतो म्हटलं, की आमच्या यवतमाळकडे हमखास एक प्रश्न येतो: "पेशंट काय सांगून येते का जी? मंग तुमचं कम्प्युटर काय सांगन?" तुम्हीही विचारलंत, म्हणून लिहितो.

नाही येत सांगून. सांगून आले असते तर साध्या भागाकारात भागलं असतं.

तीस खाटांचं ग्रामीण रुग्णालय घ्या. रात्री एक सिस्टर, आणि सरासरी रात्रीला एक बाळंतपण. कागदावर हिशेब चोख. पण बाया काही एकमेकींना विचारून येत नाहीत. अशा येण्याला पॉयसाँचं सूत्र लागतं: सरासरी माहीत असली, की किती रात्री एकही नाही, किती रात्री एक, किती रात्री दोन, हे ते सांगतं. कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीतल्या एर्लांग या गणितज्ञानं 1909 मध्ये टेलिफोनच्या कॉल्सना तेच लावलं होतं. त्या सूत्रानं वर्षातल्या साधारण 134 रात्री एकही बाळंतपण नाही, 134 रात्री एक, आणि उरलेल्या 97 रात्री दोन किंवा जास्त.

त्यात निंदणाचे दिवस आले, की साप चावलेला माणूस येतो. कोरड्या काचेच्या नळीत दोन मिली रक्त घ्यायचं, वीस मिनिटं नळीला हात लावायचा नाही, मग तिरपी करून पाहायचं. गोठलं नसेल तर एएसव्ही, म्हणजे सापाच्या विषावरचं औषध, सुरू, आणि रिअ‍ॅक्शन येते का हे बघत सिस्टरनं खाटेपाशीच थांबायचं. तेवढ्यात लेबर रूममधून कोणी ओरडलं तर? सरासरीच्या तक्त्यात त्याला रकाना नसतो.

सिम्युलेशन म्हणजे अशा हजारो रात्री कम्प्युटरवर घडवून बघणं. त्याला लागतं कॅज्युअल्टीचं रजिस्टर. तिथं सगळे पेशंट दहाला, सव्वादहाला, साडेदहाला आलेले. कारण वेळा शिफ्ट संपताना एकदम भरलेल्या. दोष कोणाला देणार, हात रिकामे कधी होते? मग मी 108 च्या ड्रायव्हरला आणि जुन्या मावशींना विचारतो. त्यांचा अंदाज बरेचदा रजिस्टरपेक्षा खरा.

हे सगळं बघून रात्री दुसरी सिस्टर हवी म्हटलं, की ऑफिसातून ठरलेला सवाल: "बाकीच्या 268 रात्री दुसरी सिस्टर काय करणार?" सवाल रास्त आहे. एक जागा चोवीस तास भरायची तर वर्षाला 1,095 शिफ्ट लागतात. साप्ताहिक सुट्ट्या आणि रजा वजा जाता एक सिस्टर 270 च्या आसपास भरते. म्हणजे एका जागेला चार जणी, आणि इथं आहे तीच पदं रिकामी.

म्हणून मी दुसरी ड्यूटी मागत नाही, ऑन-कॉल मागतो, म्हणजे बोलावलं की येणारी सिस्टर. मॉडेलमध्ये पाच मिनिटांत पोचणारी सिस्टर टाकली तर बहुतेक वाईट रात्री निभतात. चाळीस मिनिटांनी पोचणारी टाकली तर तोवर व्हायचं ते होऊन गेलेलं असतं. पाच मिनिटं म्हणजे आवारातलं क्वार्टर. ते पावसाळाभर गळतं, त्यामुळे सिस्टर शहरातून ये-जा करतात. एवढं सगळं गणित करून माझ्या अहवालातली पहिली मागणी असते ती क्वार्टरवरच्या टिनांची.