मरीना बे, पाऊस आणि एका गाडीएवढी कोरडी पट्टी

सिंगापूरच्या मरीना बेला शहरातल्या रस्त्यांवर होणारी फॉर्म्युला वनची नाइट रेस बघायची इच्छा जुनीच, 2020 आणि 2021 ला कोविडमुळे रेस झालीच नाही, मग 2022 ची तिकिटं आल्याबरोबर तिथे राहणाऱ्या मावसभावाचा फोन आला की पदांग मैदानाजवळच्या स्टँडची मिळतायत, घेऊ का. म्हटलं विचारतोस काय, घे.

खरं तर ऊन-पाऊस असा विचारच केला नव्हता आम्ही. सिंगापूरला वर्षभर पाऊस असतो हे माहीत असतं, पण टीव्हीवर बघून बघून आपल्या डोक्यात बसलंय की तिथली रेस म्हणजे लाइट्स, घाम आणि सेफ्टी कार (अपघात झाला की सगळ्यांना हळू चालवायला लावायला पुढे येणारी गाडी). 2008 पासून रेस होतेय आणि ओल्या ट्रॅकवर सुरुवात पहिल्यांदा झाली ती थेट 2017 ला, ज्यात व्हेटेल, वर्स्टापेन आणि रायकोनेन हे तीन ड्रायव्हर पहिल्या वळणापर्यंतच एकमेकांत अडकले आणि पाचव्या नंबरवरून सुटलेला हॅमिल्टन जिंकला. यावेळी मात्र शनिवारपासूनच आभाळ भरून आलेलं.

शनिवारी तिसरी प्रॅक्टिस पावसामुळे अर्धा तास उशिरा सुरू झाली आणि अर्ध्या तासातच आटोपली. क्वालिफाइंगला, म्हणजे रेसला कोण कितव्या नंबरवरून सुटणार ते ठरवायच्या फेरीत, सुरुवातीला सगळे हिरव्या पट्टीच्या टायरवर, म्हणजे अर्धवट ओल्यासाठीच्या इंटरमिजिएटवर, आणि शेवटच्या भागात ट्रॅक इतका सुकला की स्लिक, म्हणजे कोरड्यासाठीचे गुळगुळीत टायर, लावले. आता यात गंमत अशी की ट्रॅक सुकत असला की प्रत्येक लॅप आधीच्या लॅपपेक्षा फास्ट होतो, म्हणजे सगळ्यात शेवटी जो रेषा ओलांडेल त्याचा टाइम बेस्ट, त्यामुळे कुणीच पिटमध्ये परत येत नाही, फिरतच राहतात. वर्स्टापेनच्या गाडीत तेवढं पेट्रोलच उरलं नाही. रेषा ओलांडून गेला असता तर तपासणीसाठी द्यायचं सँपल कमी पडलं असतं म्हणून टीमनं त्याला शेवटचा लॅप सोडायला लावला आणि तो आठवा. फेरारीचा लेक्लेर पोलवर, म्हणजे सगळ्यात पुढून सुटणार, आणि वर्स्टापेनचा टीममेट पेरेझ त्याच्यापेक्षा फक्त 0.022 सेकंदांनी मागे. आमच्या शेजारी बसलेले वर्स्टापेनचे ऑरेंज टीशर्टवाले फॅन अक्षरशः डोकं धरून बसले होते.

रविवारी, 2 ऑक्टोबरला, संध्याकाळी जे सुरू झालं ते म्हणजे आपल्याकडचा वळीव. विजा, गडगडाट, आणि पाणी असं की समोरची नॅशनल गॅलरीची इमारत पांढुरकी दिसायला लागली. स्टँडला छप्पर नाही. छत्री उघडली की मागच्याला काही दिसणार नाही, म्हणून सगळे पोंचोत, आणि त्या उकाड्यात पोंचो घालून बसलं की बाहेरून पावसानं भिजतो आणि आतून घामानं. रेस आठची. आठ वाजून गेले तरी काही नाही. सव्वाआठ झाले, साडेआठ झाले.

पण ते थांबणं मला अजिबात कंटाळवाणं वाटलं नाही, कारण त्या तासाभरात स्ट्रीट सर्किट म्हणजे काय ते डोळ्यासमोर दिसत होतं. आमच्या समोरचा सेंट अँड्र्यूज रोड म्हणजे एरवी बस आणि टॅक्सी जाणारा साधा रस्ता. त्याच्यावर बाण, पट्टे रंगवलेले असतात, गटारांची झाकणं असतात, डांबराचे तुकडे वेगवेगळ्या वेळी टाकलेले, त्यामुळे पाणी एकसारखं साचत नाही, इथे डबकं, दोन मीटरवर नुसता ओलावा. रंगवलेल्या पट्ट्यावर ओलं चाक गेलं की ग्रिप नाहीच. मॉन्झा किंवा सिल्व्हरस्टोनसारख्या खास रेससाठी बांधलेल्या ट्रॅकवर गाडी घसरली तर बाजूला मोकळी जागा असते, ड्रायव्हर फिरून परत येतो. इथे बाजूला भिंत. एवढंच. चूक आणि भिंत यांच्यात काही नाही.

पाऊस थांबल्यावर झाडायच्या आणि पाणी ओढायच्या गाड्या फिरायला लागल्या, सेफ्टी कार जाऊन बघून आली. आणि इथे ती गोष्ट लक्षात आली जी टीव्हीवर कधीच कळली नव्हती. रात्र आहे, ऊन नाही. हवा इतकी दमट की आधीच पाण्यानं भरलेली. वारा इमारतींनी अडवलेला. मग ट्रॅक सुकणार कसा? दिवसाच्या रेसमध्ये उघडीप मिळाली की वीस-पंचवीस मिनिटांत रंग बदलतो, इथे सुकवायचं काम फक्त गाड्यांचे टायरच करणार, आणि तेही ज्या लाइनवरून ते जातात तेवढीच पट्टी. म्हणून मला वाटतं की स्ट्रीट सर्किटवर पाऊस पडताना जेवढं अवघड असतं त्याहून जास्त अवघड पाऊस थांबल्यावर असतं. पडताना निदान सगळ्यांना माहीत असतं की ओलं आहे.

नऊ वाजून पाच मिनिटांनी रेस सुटली, सगळे इंटरमिजिएटवर. पेरेझनं पहिल्या वळणाच्या आधीच लेक्लेरला मागे टाकलं आणि भाऊ, जो कट्टर फेरारीवाला आहे, माझ्या खांद्यावर डोकं आपटून म्हणाला, "झालं, संपलं." मी म्हटलं थांब रे, दोन तास आहेत अजून. आवाज पोटात जाणवतो हे ऐकलं होतं, पण ओल्यात अजून एक आवाज असतो, टायरखालून पाणी फाटल्यासारखा, तो इंजिनच्या आधी पोचतो आणि मग गाडी.

मग सुरू झाला टायरचा खेळ. मर्सिडीजचा रसेल पिटलेनमधून, म्हणजे सगळ्यांच्या मागून, सुटला होता, त्यामुळे गमवायला काही नव्हतं, अलोन्सोची गाडी बंद पडून व्हर्च्युअल सेफ्टी कार आली (म्हणजे गाडी न पाठवता सगळ्यांना हळू चालवायला सांगितलं) तेव्हा मर्सिडीजनं त्याला कोरड्याचे मीडियम लावून पाठवलं. (अलोन्सोची ती 350 वी रेस होती, एवढा मोठा रेकॉर्ड आणि असा शेवट, वाईट वाटलं.) रसेल समोरून गेला तेव्हा सरळ रस्त्यावरसुद्धा मागची चाकं डावी-उजवी करत होती. स्लिकला खाचाच नसतात, पाणी जायला जागा नाही, वर हळू जावं लागतं म्हणून टायर तापत नाही आणि तापत नाही म्हणून पकडत नाही. बाकीच्या सगळ्या टीम त्याचे टाइम डोळ्यात तेल घालून बघत होत्या, हा फास्ट झाला की आपण बदलायचं. आणि तो लवकर होतच नव्हता. पुढचे तसेच झिजलेल्या इंटरमिजिएटवर फिरत राहिले.

तोपर्यंत कोरडी पट्टी तयार झाली होती. समोर लाइटच्या उजेडात स्पष्ट दिसायची, मध्ये मळकट काळी आणि दोन्ही बाजूंना चकाकणारी. रुंदी जेमतेम एका गाडीची. म्हणजे ओव्हरटेक करायचं तर पट्टी सोडून त्या चकाकणाऱ्या भागात ब्रेक मारायचा. हॅमिल्टन सैंझच्या मागे किती वेळ अडकला होता, शेवटी सातव्या वळणाला सरळ जाऊन बॅरियरमध्ये घुसला. जरा वेळानं नॉरिसला पास करायला जाताना वर्स्टापेनची चाकं लॉक झाली आणि तोही सरळ. जगातले सगळ्यात भारी दोन ड्रायव्हर एकाच ओलाव्यात फसले, यावरून समजा काय असेल.

आणि त्सुनोडा, अजून एक ड्रायव्हर. हे आमच्या बाजूला घडलं. सगळे नुकतेच स्लिक लावायला लागले होते, तोही लावून आला, आणि आमच्या रस्त्याच्या टोकाला दहावं वळण आहे तिथे ब्रेकचा आवाज आला आणि गाडी वळलीच नाही. सरळ बॅरियर. सगळं स्टँड एकदम उभं राहिलं. त्याच्या टायरनी अजून एक-दोन लॅप घेतले असते गरम व्हायला, तेवढेच नव्हते त्याच्याकडे. पुन्हा सेफ्टी कार, आणि मॅकलारेनचे नॉरिस व रिकार्डो, जे तोवर थांबले नव्हते, त्यांना बाकीचे हळू चालत असताना स्वस्तात टायर बदलता आले, मॅकलारेन चौथी आणि पाचवी! नुसतं वाट बघण्याचं फळ.

61 लॅपची रेस दोन तासांची मर्यादा लागून 59 लॅपवर थांबली. लेक्लेर बराच वेळ पेरेझच्या अगदी मागे होता पण त्या पट्टीबाहेर पाऊल टाकायची सोय नव्हती, आणि पेरेझ एकदाही चुकला नाही. इतक्या वेळ, अशा रस्त्यावर, मागे फेरारी घेऊन. मला वर्स्टापेनपेक्षा तो कायम कमी वाटायचा, त्या रात्रीपुरता तरी तो तिथला सगळ्यात मोठा ड्रायव्हर होता.

निकाल मात्र लगेच लागला नाही. सेफ्टी कारच्या मागे दहा गाड्यांच्या लांबीपेक्षा जास्त अंतर ठेवलं म्हणून पेरेझची चौकशी रेस झाल्यावर होणार होती. टीमला कल्पना होती, म्हणून तो शेवटी जोरात पळून साडेसात सेकंद पुढे गेला. आम्ही गर्दीतून (तीन दिवसांत 3 लाख 2 हजार लोक आले होते, नवा रेकॉर्ड) सिटी हॉल स्टेशनकडे सरकत होतो, भाऊ फोन सोडत नव्हता, दर मिनिटाला रिफ्रेश. घरी पोचून वहिनीनं केलेली खिचडी पुढे आली तरी एका हातात फोन. मग आलं, पाच सेकंदांची पेनल्टी. त्यानं मनातल्या मनात वजाबाकी केली आणि फोन उलटा ठेवला. लेक्लेरला अडीच सेकंद कमी पडले.

कुणाला जायचं असेल तर सांगतो, पदांगचं स्टँड चांगलं आहे, गाड्या जवळून दिसतात, पण पावसाची शक्यता असेल तर मी पुढच्या वेळी सातव्या वळणाजवळचं घेईन. लांब सरळ रस्त्यानंतरचं जोरदार ब्रेकिंग तिथे आहे आणि कोण पट्टी सोडायची हिंमत करतो ते तिथेच कळतं. पोंचो इथूनच न्या, आणि बूट असे घ्या की जे दुसऱ्या दिवशी ओले असले तरी चालतील, कारण तिथल्या हवेत ते सुकत नाहीत.